जोडीतलं एक नाव

बाबा,

दुपारी बैठक आहे आणि मला एक नाव सांगायचं आहे. सकाळी चहा घेतला तो तसाच निवला, पुन्हा मागवला, तोही निवला. खोलीवर वाढायला येणारी बाई म्हणाली, "मॅडम, जेवून तरी घ्या, उपाशीपोटी का काई सुचते?" तिला काय सांगू, जेवून सुचणारी गोष्ट असती तर मी कालच दोन भाकरी जास्त खाल्ल्या असत्या. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी कधी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, तुम्ही होतात तेव्हाही नाही. अकोल्याच्या एकाच घरात राहणाऱ्यांनी एकमेकांना पत्रं कशाला लिहायची? पण आज बोलायला दुसरं कोणी नाही, आणि ज्या बाबतीत बोलायचंय ती बाब तुमच्यापासूनच सुरू झालेली आहे.

मी अमरावतीत आहे. महिलांच्या कसोटी संघाचं शिबिर लागणार आहे, त्यासाठीचा चाचणी सामना काल संध्याकाळी संपला. निवड समितीत आपल्या भागाकडून मी आहे. म्हणजे तुम्ही ज्या खुर्चीवर बसला होतात त्याच खुर्चीवर, फक्त आता तिला चाकं आहेत. आपल्या भागाच्या सलामीला दोन मुली खेळतात. एक अकोटची, डावखुरी, लहानपणापासून माझ्याच हाताखाली शिकलेली. तिला बॅट धरायला मी शिकवलं, चेंडू सोडायला मी शिकवलं, हरल्यावर रडायचं कुठे आणि कुठे नाही तेही मीच शिकवलं. दुसरी इथली, अमरावतीची, उजव्या हाताची. दोघी एकमेकींकडे न बघता धाव घेतात, इतकी त्यांची सवय झाली आहे. आणि शिबिरात सलामीची एकच जागा रिकामी आहे. दुसऱ्या टोकाला मुंबईची मुलगी पक्की आहे, तिच्या जागेला कोणी हात लावणार नाही. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला हे ओळखीचं वाटतं की नाही?

तुम्ही म्हणाल, जोडी फोडू नको. मला ते ऐकायला येतंय. तुमचा आवाज मला अजून स्वयंपाकघरातूनच ऐकू येतो, कारण रेडिओ तिथे होता. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही पाटावर बसून ट्रान्झिस्टर कानाशी धरलाय, कसोटीचा पहिला दिवस आहे आणि संघ वाचून दाखवतायत. बाकीच्यांच्या घरी लोक शतकवीराचं नाव ऐकायला थांबायचे, तुम्ही सलामीला कोण जातंय ते ऐकायला थांबायचात. आणि बहुतेक वेळा तुमचा संताप व्हायचा. "पुन्हा कीपरले पाठोलं! अबे, ज्यानं दिवसभर खाली बसून चेंडू अडवले त्याले नव्या चेंडूपुढे उभं करता? घरात सून नाई म्हणून सासूले नांदाले पाठोता काय?" आई म्हणायची, "तुमी हळू बोला, दिल्लीले ऐकू जाईन." मग तुम्ही मला समोर बसवून समजावायचात. संघ म्हणजे अकरा माणसं नसतात, पाच जोड्या असतात आणि वर एक उरतो. उरलेल्याला जोडी नाही म्हणून तो शेवटी येतो. आणि पाचांतली पहिली जोडी चुकली की पुढच्या चारींचं काम दुप्पट होतं. मी तेव्हा फ्रॉकमधली पोर होते, पण हे गणित मला बाराखडीबरोबर पाठ झालं.

जिनमधला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातला, हंगाम संपला की मागचं पटांगण रिकामं व्हायचं. तुम्ही तिथे कापसाची प्रत बघायच्या कामावर होतात, मालकाला तुमच्या शब्दाची किंमत होती, म्हणून पटांगण आम्हाला मिळालं. काळ्या मातीवर कसलं क्रिकेट होतंय? उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात चप्पल ओढून घेईल असा चिखल. तुम्ही मुरूम टाकून घेतला, वर काथ्याची मॅट ताणली, चार कोपऱ्यांत खिळे ठोकले. सरकीचा वास अंगाला लागायचा आणि आंघोळ केली तरी जायचा नाही. शाळेत मुली नाक मुरडायच्या. तुमच्याकडे शिकायला सुरुवातीला मोहल्ल्यातल्या बऱ्याच पोरी आल्या, मग हळूहळू गळाल्या, कारण तुमचा नियम कोणाला झेपायचा नाही. तुम्ही कोणालाही एकटीला फलंदाजी द्यायचा नाहीत. सरावातसुद्धा दोघी जायच्या, आणि एक बाद झाली की दोघींनी बाहेर यायचं. दुसरी कितीही चांगली खेळत असो. "एक बैल बसला तं दुसरा एकटा वखर ओढते काय?" एवढंच तुमचं उत्तर.

माझी खरी जोडीदार आली तेव्हा मी तुमच्या या नियमाला वैतागलेली होते, कारण माझ्या जोडीला येणारी प्रत्येक पोर पहिल्याच षटकात दांडी उडवून घ्यायची आणि मला पॅड सोडावे लागायचे. तीही अमरावतीची, माळ्याची पोर. बापाचा भाजीचा आणि फुलांचा धंदा. शनिवारी दुपारी बडनेऱ्याहून गाडीत बसून अकोल्याला यायची, रविवारी संध्याकाळी परत. येताना पिशवीत कधी वांगी, कधी शेवंती. आई तिला म्हणायची, "तुह्या बॅगेत बॅट कमी अन् बजार जास्त." पहिल्याच दिवशी तुम्ही आम्हाला दोघींना उभं केलंत आणि त्या दिवशी आम्ही बाहेर आलोच नाही. तुमचे गोलंदाज दमले, तुम्ही स्वतः चेंडू हातात घेतलात, तरी नाही. मी ऑफ स्टंपच्या बाहेरचं सगळं सोडत होते, ती ते मारत होती. मी उभी राहायचे, ती खेळायची. शेवटी तुम्ही मॅटच्या कडेला उकिडवे बसलात. घरी आल्यावर आईला म्हणालात, "जोडी भेटली." असा आनंद तुमच्या तोंडावर मी नंतर फार वेळा बघितला नाही.

ती बैलाची गोष्टही तुम्ही तिला त्याच रात्री जेवताना सांगितलीत. तिने ती पहिल्यांदा ऐकली, मी शंभराव्यांदा. तेल्हाऱ्याकडच्या आपल्या पूर्वजाची. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची. गाड्यांच्या रांगाच्या रांगा कापूस घेऊन निघायच्या, बैलाला माणसापेक्षा जास्त मान होता. एका व्यापाऱ्याचा बैल वाटेत मेला. त्याने आपल्या पूर्वजाच्या जोडीतल्या एकाच बैलाला असा भाव सांगितला की बिचाऱ्याची मती फिरली. त्याने एक बैल दिला. राहिलेला दुसऱ्या कोणत्याच बैलाबरोबर मान जुवाखाली घालेना. मारलं, चुचकारलं, उपाशी ठेवलं. कापूस गाडीत भरलेला राहिला, पाऊस आला, आणि भरली गाडी दारातच पिवळी पडली. तोवर तेजी ओसरली. "म्हणून आपल्या घरात जोडी फोडत नाईत," तुम्ही म्हणालात, आणि पाणी प्यायलात. तिने घास हातात धरून सगळं ऐकलं. आई तेवढी म्हणाली, "ते बैल होते. ह्या पोरी आहेत." तुम्ही तिच्याकडे लक्ष दिलं नाहीत. आईचं बोलणं आपल्या घरात नेहमी ताटातल्या मिठासारखं, सगळ्यांना लागायचं, पण वाढताना कोणाच्या लक्षात यायचं नाही.

मग तो चाचणी सामना. तोही इथे अमरावतीलाच होता. महिलांचा कसोटी संघ निवडायचा होता, मुंबई-पुण्याच्या बाया निवडीला आल्या होत्या आणि आपल्या भागाचे म्हणून तुम्हाला बसवलं होतं. तुम्ही धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि त्याच्या खिशाला इस्त्रीची पिवळी छाप पडली होती. आम्ही दोघी चांगल्या खेळलो. मी खेळपट्टीवर टिकले, तिने धावा केल्या. तिच्या एका फटक्याला पुण्याच्या बाईंनी वहीतून मान वर काढून बघितलं, ते मी दुसऱ्या टोकावरून पाहिलं. मला तेव्हा अभिमान वाटला की पोटात दुखलं, हे आज सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

सामना संपल्यावर बैठक कॉलेजच्या एका वर्गात झाली. उकाडा होता, खिडक्या उघड्या होत्या. आम्ही दोघी पॅड सोडायला सावली शोधत त्याच भिंतीला येऊन टेकलो, अगदी खिडकीखाली. चोरून ऐकायचं आमच्या मनातही नव्हतं. पण आवाज यायला लागले आणि आम्ही उठलो नाही.

मी आता लिहितेय आणि तो पुण्याचा आवाज जसाच्या तसा ऐकतेय. बाई म्हणतात, "सलामीची एकच जागा आहे. एक बाजू मुंबईची ठरलेली आहे. तुमच्या या दोघींपैकी एक घेऊ. तुम्ही रोज बघता, तुम्हीच नाव सांगा." तुम्ही म्हणता, "बाई, जोडी आहे ते. फोडाची नाई." कोणीतरी हसतं. "अहो, हा बैलबाजार नाही," बाई म्हणतात, पण वाईट स्वरात नाही, उलट समजावल्यासारखं. "दोघींना जागाच नाही. एक नाव सांगा. तुम्ही सांगाल ते घेऊ." माझ्या शेजारी तिचा हात पॅडच्या बक्कलवर थांबलाय. मी जमिनीकडे बघतेय. खुर्ची सरकल्याचा आवाज होतो, पावलं खिडकीकडे येतात. तुम्ही खिडकीशी येता, बहुधा वाऱ्यासाठी, आणि खाली बघता. आम्ही दोघी वर बघतो. तुम्हाला तोपर्यंत माहीत नव्हतं की आम्ही तिथे आहोत. तुम्ही आधी तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मग परत फिरलात आणि म्हणालात, "दोघी घ्या. नाई तं राहू द्या."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मग राहू द्या." आणि पुढच्याच वाक्यात त्या यष्टिरक्षकाबद्दल बोलायला लागल्या.

एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी आवाज होईल, कोणी भांडेल, तुम्ही टेबलावर हात आपटाल. काही झालं नाही. तिने दुसरं बक्कल सोडलं, पॅड एकावर एक ठेवले, बॅगेची चेन ओढली. फाटकापर्यंत मी तिच्या मागे गेले. तिथे ती वळली आणि म्हणाली, "तुह्या बापानं माहं नाव घेतलं असतं तं तुहं काय गेलं असतं वं?" ती घरी गेली, घर जवळच होतं. त्यानंतर शनिवारच्या गाडीने ती कधी आली नाही. तुम्ही दोन शनिवार स्टेशनवर गेलात, मला न सांगता. आईने मला सांगितलं.

अकोल्याला परतल्यावर आईने ताट वाढलं आणि सरळ विचारलं, "कोनाचं नाव घेतलं?" तुम्ही म्हणालात, "जोडीचं." आई म्हणाली, "जोडीले नाव नसते. नाव एकाचंच असते." तुम्ही जेवण टाकून उठला नाहीत, जेवलात, हात धुतलात. पुढे कसोटी झाली. रेडिओवर बायांचा सामना कोण सांगणार, वर्तमानपत्रात कोपऱ्यात धावफलक आला होता. सलामीला मुंबईची मुलगी आणि सोबत कीपर. तुम्ही तो कागद वाचलात, घडी घातलीत आणि म्हणालात, "पाहा, कीपरले पाठोलं." मी ओरडले, "मंग कोनाले पाठवणार होते? तुमी कोणी ठेवलं होतं काय त्यायच्यासाठी?" तुमच्यावर मी आयुष्यात एवढ्या मोठ्याने एकदाच ओरडले. तुम्ही त्या कागदाची आणखी एक घडी घातलीत. मी तुमचं तत्त्व मानत होते हो. सगळं अकोला मानत होतं. जिनमधले लोक मला थांबवून सांगायचे, तुझ्या बापाला मानलं, मुंबईवाल्यांपुढे वाकला नाही. आणि मी मान डोलवायचे.

पण एक प्रश्न मनात राहिला. नाव सांगायचंच असतं तर कोणाचं सांगितलं असतंत? तुमच्या शेवटच्या वर्षांत, तुम्ही टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसायचात तेव्हा, एकदा धीर करून विचारलं. कसोटी चालू होती, सलामीची जोडी टिकली होती, तुम्ही खुशीत होतात. म्हटलं, बाबा, त्या दिवशी एकच नाव द्यायचं असतं तर? तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. "आवाज वाढव जरा," म्हणालात. मी आवाज वाढवला. तुम्ही हट्टी होतात, हे तोंडावर कधी म्हणता आलं नाही, आता म्हणते. हट्टी आणि भित्रे. दोन्ही एकाच माणसात कसं मावतं ते मला तुमच्याकडे बघून कळलं.

ती मला भेटली होती, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यानंतर, इथेच, बाजारात. तिची स्वतःची रोपवाटिका आहे आता, चार माणसं कामाला आहेत. मला बघून हसली, केसांत माळायला मोगऱ्याचा गजरा दिला, पैसे घेतले नाहीत. विचारलं, "बाप कसा आहे?" मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती तुमच्यावर रागावलेली होती, बाबा, पण तिला वाईट वाटलं. मग म्हणाली, "शेवटपर्यंत नाव सांगतलं नाई ना त्यायनं?" मी नाही म्हटलं. "मले माईत आहे," ती म्हणाली. "आपण त्या खिडकीखाली बसलो नसतो ना, तं त्यायनं माहं नाव घेतलं असतं. तोंडावर आलं होतं. तुले पाह्यलं अन् गियलं." ती हे रागाने म्हणाली नाही. गिऱ्हाईक आलं म्हणून उठली. मी गजरा हातात घेऊन उभी राहिले आणि मला पटकन कळलं की हे मला फार आधीपासून माहीत होतं.

कोणीतरी दार वाजवतंय. बैठकीला बोलावतायत. उरलेलं नंतर.

झालं.

आता संध्याकाळ होत आलीय. मी परत त्याच खोलीत आहे. मनात होतं की सगळं क्रमाने सांगावं, पण जमेल तसं लिहिते.

खोलीत खिडक्या बंद होत्या, एसी होता. अध्यक्ष माझ्यापेक्षा खूप लहान आहेत, चांगल्या आहेत, मला मान देतात. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही या दोघींना रोज बघता. एकच जागा आहे. तुम्ही नाव सांगा, आम्ही तेच घेऊ." बाबा, शब्दसुद्धा तेच. आणि तुमचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. जोडी आहे, फोडू नका. किती सोपं होतं ते. ते म्हटलं असतं तर कोणी मला दोष दिला नसता, उलट उद्या अकोल्यात लोक म्हणाले असते की बापावर गेली. मी अकोटच्या पोरीचा विचार केला. तिची आई दर वर्षी घरच्या तुरीची डाळ पाठवते मला. पोर चेंडू छान सोडते, तासन्‌तास उभी राहते, पण उसळलेला चेंडू अंगावर आला की तिची मान मागे जाते, आणि ते मी किती प्रयत्न करूनही काढू शकले नाही. अमरावतीची पोर चेंडू डोळ्याखाली येऊ देते, मग खेळते. कसोटीत नव्या चेंडूपुढे यांतली कोण उभी राहील, हे मला ठाऊक होतं. मला काल संध्याकाळीच ठाऊक होतं. सकाळपासून चहा निवत होता तो ठरत नव्हतं म्हणून नव्हे, ठरलेलं होतं म्हणून.

मी अमरावतीच्या पोरीचं नाव घेतलं. "बरं," अध्यक्ष म्हणाल्या, लिहिलं, आणि पुढे यष्टिरक्षकाचा विषय काढला. मला हसायला आलं आणि मी खोकला आल्यासारखं केलं.

यादी फोनवर जाण्याआधी मला अकोटच्या पोरीला स्वतः सांगायचं होतं. दोघी पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, एकाच कागदातला आलुबोंडा खात होत्या. मी तिला बाजूला बोलावलं. तिने हात पँटला पुसले आणि आली. मी म्हटलं, एकच जागा होती. ती म्हणाली, "दोघी काहून नाई, मॅडम?" मी पुन्हा म्हटलं, एकच होती. मग तिने तोच प्रश्न विचारला जो मला अपेक्षित होता. "मंग कोनी ठरोलं? त्यायनं का तुमी?" बाबा, इथेही पळवाट होती. समितीने ठरवलं म्हटलं असतं तर ते खोटंसुद्धा झालं नसतं. मी म्हटलं, "मी नाव घेतलं. तिचं." तिने माझ्याकडे बघितलं. रडली नाही, कुठे रडायचं आणि कुठे नाही ते मीच शिकवलंय ना. "तुमी सोताहून?" मी म्हटलं, "हो." ती "बरं" म्हणाली.

दर्यापूरमार्गे अकोटला जाणाऱ्या गाडीला वेळ होता, मी स्टँडपर्यंत तिच्याबरोबर गेले. तिची किटबॅग धरायला हात पुढे केला, तिने ती दुसऱ्या खांद्यावर घेतली. मी बोलत राहिले. तुझं वय आहे अजून, पुढच्या हंगामात बघू, मान मागे जाते त्यावर काम करू. ऐकायला माझं मलाच कसंतरी वाटत होतं. गाडी लागली. ती चढली आणि स्टँडच्या बाजूला जागा रिकामी असताना पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली. मला तिची वेणी आणि मान दिसत होती. गाडी हलली तरी तिने मान वळवली नाही. मी स्टँडवर उभी राहून रडले. माझ्या वयाची बाई एसटी स्टँडवर रडते तेव्हा लोकांना वाटतं कोणी गेलं. एका म्हाताऱ्याने मला पाण्याची बाटली दिली.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. बाबा, तुम्ही तिचं नाव घ्यायला हवं होतं. ती माझ्यापेक्षा चांगली होती. थोडी नव्हे, फार चांगली. तुम्हाला ते माहीत होतं, आईला माहीत होतं, मला माहीत होतं, पुण्याच्या बाईंनाही एका फटक्यात कळलं होतं. ती कसोटी खेळली असती. कशी खेळली असती कोण जाणे, पण मैदानावर गेली असती, आणि कीपरला जावं लागलं नसतं. त्या बैलाच्या गोष्टीमागे तुम्ही लपलात आणि आम्ही सगळ्यांनी तिला तत्त्व म्हटलं. मला तुमचा फार राग आहे. इतकी वर्षं तो मला तिच्या वतीने वाटायचा, आज पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या वतीने वाटतोय, कारण तुम्ही माझ्याकडे बघून नाव गिळलंत. माझ्या तोंडावर असं काय होतं त्या वेळी? मी काही मागितलं नव्हतं.

पण खरं लिहायचं म्हणून बसले आहे तर हेही लिहिते. त्या दिवशी तुम्ही तिचं नाव घेतलं असतं, तर मी तुमच्याशी बोलले नसते. तुमच्यासमोर पाटावर बसले नसते, पटांगणात आले नसते, रेडिओवर कसोटी लागली की घराबाहेर गेले असते. किती दिवस, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही माझे वडील, तुम्हाला हे त्या खिडकीतून एका नजरेत कळलं असणार, आणि तुम्हाला ते सोसलं नसतं. म्हणून तुम्ही ते केलं नाहीत. मी आज केलं. अकोटची गाडी एव्हाना पोहोचली असेल. पोहोचलीस का, एवढं विचारायला मी फोन केला. तिने उचलला नाही. मलाही हे सोसत नाहीये, बाबा.